पाटा तुटण्याआधी बोल्ट ढिला होतो

मंडळी, कैकेयीची गोष्ट आपण कीर्तनात कितीदा तरी ऐकली आहे. लढाई ऐन रंगात आली असताना दशरथाच्या रथाच्या चाकाची खीळ निखळली. राजाचे सारे ध्यान शत्रूकडे. शेजारी बसलेल्या कैकेयीच्या ते लक्षात आले आणि खिळीच्या जागी आपला हात घालून तिने रथ सावरला. त्या बदल्यात मिळालेल्या दोन वरांनी पुढे केवढे रामायण घडवले, ते तुम्हाला सांगायला नको. रथाचे चाक धड होते, आख धड होता, घोडेही धड होते. निघाली होती ती एवढीशी खीळ.

जुन्या मोटारीच्या मागच्या पाट्यांचे असेच आहे. पाटा तुटला की आपण म्हणतो, "पाटाच हलका निघाला," नाहीतर "रस्त्यानेच घात केला." पण नीट पाहिले तर पुष्कळदा पाट्याच्या आधी कुठलेतरी लहान सामान ढिले झालेले, झिजलेले किंवा गंजलेले असते. आज त्या लहान सामानाचीच ओळख करून घेऊ.

आपल्याकडे अजून कित्येक घरांच्या पडवीत, गोठ्याशेजारच्या छपरात जुनी अँबेसिडर किंवा जीप उभी असते. वडिलांनी हौसेने घेतलेली असते, विकायला मन होत नाही आणि लग्नसराईत, जत्रेत ती बाहेर काढावीच लागते. अँबेसिडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने १९५७-५८ च्या सुमारास ती बनवायला घेतली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, आपल्या मुंबईत कुर्ल्याला बनत असे. तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला मुंबईने २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप दिला. जीप मूळची अमेरिकेची विलीज. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी ती मुंबईत जोडायला सुरुवात केली. तिन्ही गाड्यांची ठेवण निराळी, पण मागचा भार तिन्हींत पाट्यांवरच. जीपला तर पुढेही पाटे. आजच्या मालवाहू पिकअपलाही मागे बहुधा पाटेच असतात. तेव्हा दारात जुनी मोटार नसली तरी हा लेख सोडू नका.

पाट्याची युक्ती मोटारीपेक्षा जुनी आहे. १८०४ साली लंडनच्या ओबडाया इलियट नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने दोन कमानी तोंडाला तोंड लावून केलेल्या लंबगोल स्प्रिंगचे पेटंट घेतले. आपल्या टांग्याखालच्या कमानीही त्याच कुळातल्या. मोटारीत त्यातली अर्धी कमान राहिली.

पाटा तीन कामे करतो

पाटा फक्त ओझे झेलतो असे पुष्कळांना वाटते. खरे तर तो तीन कामे करतो. पहिले काम ओझे झेलण्याचे. दुसरे काम मागचा ॲक्सल जागच्या जागी धरून ठेवण्याचे. या गाड्यांत ॲक्सलला पुढेमागे किंवा आडवे सरकू न देणारे मुख्य बंधन म्हणजे पाटाच. आणि तिसरे काम गाडी ढकलण्याचे. इंजिनाने चाक फिरवले की चाक ॲक्सलला पुढे रेटते, ॲक्सल पाट्याला रेटतो आणि पाट्याचे पुढचे टोक गाडीला रेटते. ब्रेक मारला की हाच जोर उलट दिशेने येतो. म्हणजे अख्खी गाडी पुढे जाते आणि थांबते ती या दोन पाट्यांच्या जोरावर. बैलगाडीत जे काम जू आणि दांडी मिळून करतात, त्यातले बरेचसे येथे पाटा करतो.

आता त्याची बांधणी पाहू. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याची दोन्ही टोके गोल वळवून डोळे केलेले असतात. त्याच्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे. पुढचा डोळा एका बोल्टने गाडीला पक्का अडकवलेला असतो. मागचा डोळा मात्र पक्का नसतो, तो झोक्यासारख्या हलणाऱ्या दोन पट्ट्यांत अडकवतात. यालाच शॅकल म्हणतात. हा झोका कशाला? तर ओझे पडले की कमान सपाट होते आणि सपाट झालेली कमान लांब होते. विळ्याचे पाते सरळ केले तर ते लांब भरेल, तसेच. ही वाढलेली लांबी शॅकल मागे झुकून सामावून घेतो. शॅकल गंजून जाम झाला तर पाट्याला लांब व्हायला जागा उरत नाही. मग तो डोळ्याजवळ मुरगळतो आणि एक दिवस तेथेच तुटतो.

सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सगळ्या पाट्यांच्या मधोमध एक भोक असते आणि त्यातून एक बोल्ट आरपार जातो. तो सेंटर बोल्ट. त्याचे डोके ॲक्सलवरच्या बैठकीच्या खळग्यात बसते. शिवाय प्रत्येक बाजूला दोन यू-बोल्ट असतात. ते ॲक्सलला वळसा घालून पाट्यांचा जुडगा खालच्या पट्टीसह चार नटांनी आवळतात.

ॲक्सल कोण धरतो, असे विचारले तर बहुतेक जण सेंटर बोल्टकडे बोट दाखवतील. ते बरोबर नाही. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो, की ॲक्सल बरोबर येथे बसला पाहिजे. धरण्याचे काम यू-बोल्टचे. त्यांच्या आवळण्याने पाटे आणि ॲक्सल एकमेकांवर इतके घट्ट दाबले जातात की सरकू म्हटले तरी सरकत नाहीत.

यू-बोल्ट ढिले झाले की दोन अनर्थ होतात. एक म्हणजे ॲक्सलचा सारा पुढेमागे होणारा जोर त्या बारक्या सेंटर बोल्टवर येतो. तो जोर सोसायला तो बनवलेलाच नाही. तो कातरला जातो आणि ॲक्सल एका बाजूने मागे सरकतो. मग गाडी खेकड्यासारखी तिरकी चालू लागते. ब्रेकची नळी ताणली जाऊ शकते आणि ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते. घाटात हे झाले तर काय होईल, याचा विचार करा.

दुसरा अनर्थ पाट्याचा. पाट्याचा सर्वांत कमजोर भाग कोणता? जेथे भोक पाडले आहे तो, म्हणजे मधला. पण यू-बोल्ट घट्ट असले की मधला भाग वाकतच नाही. वाकतात त्या दोन्ही बाजूंच्या फांद्या. त्यामुळे भोक असूनही पाटा टिकतो. बोल्ट ढिला झाला की प्रत्येक खड्ड्यागणिक मधला भागही वाकू लागतो आणि भोकाच्या कडेला चीर धरते. पुढे पाटा बरोबर मधोमध तुटतो आणि दोष पोलादाला लागतो.

तुटलेला पाटा बोलतो

म्हणून पाटा तुटला तर तो भंगारात टाकण्याआधी कुठे तुटला ते पाहा. मधल्या भोकातून तुटला असेल तर यू-बोल्टची चौकशी करा. डोळ्याजवळ तुटला असेल तर शॅकल आणि बुश पाहा. यू-बोल्टच्या कडेला लागून तुटला असेल तर ओझ्याचा हिशेब करा. तुटलेले तोंडही पाहा. काही भाग गंजून काळपट-तांबडा आणि उरलेला ताजा, चमकदार दिसला, तर चीर बरीच आधीची आहे असे समजा. गंजलेला भाग महिनोन्महिने तुटत होता, चमकदार भाग तेवढा आज तुटला. कारण न शोधता नवा पाटा घातला तर नव्याचीही तीच गत होते.

आणखी दोन लहान सामाने. पाटे एकत्र बांधून ठेवणाऱ्या लोखंडी क्लिपा असतात. खड्ड्यात गाडी उसळून वर जाते आणि चाक खाली लोंबते तेव्हा मुख्य पाटा खालच्या पाट्यांपासून सुटू पाहतो. क्लिप असली तर ती खालच्या पाट्यांनाही बरोबर ओढते आणि जोर वाटला जातो. क्लिप पडली असेल तर एकट्या मुख्य पाट्याला सारे सोसावे लागते. दुसरे, पाट्याच्या वर गाडीला एक रबरी ठोकळा लावलेला असतो. मोठ्या खड्ड्यात ॲक्सल वर येऊन पत्र्यावर आपटू नये म्हणून तो असतो. पुष्कळ जुन्या गाड्यांत तो झडून गेलेला असतो आणि कुणाच्या ध्यानीमनीही नसते.

घरच्या घरी तपासणी

यासाठी गॅरेज लागत नाही. सपाट जागा, सुतळी, पहार आणि पाना पुरे.

गाडी रिकामी करून सपाट अंगणात उभी करा. मागच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत सुतळी धरून गाठ मारा. तीच सुतळी दुसऱ्या बाजूला लावा. दोन बोटांहून जास्त फरक पडला तर एका बाजूचा पाटा बसला आहे. मग पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या बोल्टपासून ॲक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना तसेच मोजा. ते सारखेच भरले पाहिजे. बोटभरही फरक असेल तर ॲक्सल सरकला असण्याचा संभव आहे. ती गाडी पाटे दाखवल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका.

पाऊस पडून गेल्यावर आणखी सोपी परीक्षा करता येते. ओल्या मातीवरून गाडी अगदी सरळ पाच-पन्नास पावले चालवा आणि उतरून चाकोऱ्या पाहा. मागच्या चाकांची चाकोरी पुढच्या चाकांच्या चाकोरीपासून डावी-उजवीकडे सारखीच सरकलेली असावी. एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी दिसली तर गाडी तिरकी चालते आहे.

नंतर यू-बोल्टचे नट पाहा. नटाभोवती किंवा पट्टीच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, किंवा घासून लखलखीत झालेली जागा दिसली, तर तेथे काहीतरी हलते आहे. नट आवळताना एकच नट पुरा आवळून दुसऱ्याकडे जाऊ नका. चारही नट समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. गाडीच्या पुस्तकात आवळण्याचे माप दिलेले असते, ते पाळा. पान्याला लांब नळी लावून जीव खाऊन आवळले तर बोल्टच ताणला जातो. नवे पाटे किंवा नवे यू-बोल्ट बसवले असतील तर शे-दोनशे किलोमीटर गाडी चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासा. नवे सामान एकमेकांवर बसते, रंग आणि धूळ दबते, आणि आवळलेले नट आपोआप सैल पडतात. हे दुसऱ्यांदा तपासणेच बहुतेक लोक विसरतात. ताणलेले किंवा आटे झिजलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नका. नव्या यू-बोल्टचा खर्च फार नसतो.

शेवटी पहारेचे टोक डोळ्याजवळ घालून हलकेच उचकटून पाहा. डोळा बोल्टवर खडखडला तर बुश गेला. बुश रबरी असेल तर त्याला तेल किंवा ग्रीस लावू नका. तेलाने साधे रबर फुगते आणि सडते. धातूचा बुश असेल आणि ग्रीसची निपल असेल तर मात्र ग्रीस वेळेवर भरा. रबरी बुश बदलल्यावर त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचा आवळा. गाडी जॅकवर लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली येताच रबराला पीळ पडतो आणि ते लवकर फाटते.

अँबेसिडर आणि पद्मिनी यांना जीपसारखी वेगळी चेसी नाही. पाट्यांची टोके गाडीच्या पत्र्याच्या पेटीलाच अडकवलेली आहेत. म्हणून तेथला चिखल दर पावसाळ्यानंतर धुऊन काढा आणि टोकदार वस्तूने पत्रा टोचून पाहा. टोक आत घुसले तर पत्रा सडला आहे. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे ही जागा विशेष सांभाळावी लागते. पाटा नवा आणि आधार सडका, तर काय उपयोग?

या तीन गोष्टी करू नका

पहिली, तुटलेला पाटा वेल्डिंग करून घेऊ नका. पाट्याचे पोलाद साध्या लोखंडासारखे नसते. म्हणून तर लोहार जुन्या पाट्याचा कोयता करतो आणि ऊसतोडीला तो कोयता धारेला टिकतो. कारखान्यात पाटा सुमारे ८५० ते ९०० अंशांपर्यंत लाल तापवतात, तेलात बुडवतात आणि पुन्हा साडेचारशे-पाचशे अंशांवर शेकून त्याला लवचीकपणा देतात. वेल्डिंगच्या ज्योतीने हे सारे पाणी उतरते. जोडाशेजारी पोलाद ठिसूळ होते आणि पाटा तेथेच पुन्हा मोडतो. तुटलेल्या पाट्याचा कोयता होऊ शकतो, पाटा होऊ शकत नाही.

दुसरी, बसलेला पाटा भट्टीत लाल करून कमान चढवून घेऊ नका. लोहार कितीही कसबी असला तरी उघड्या भट्टीत लांब पाट्याला सगळीकडे सारखे पाणी देणे कठीण. एके ठिकाणी तो मऊ राहतो, दुसरीकडे कडक होतो. पाट्यांचेच काम करणाऱ्या दुकानात द्या, आणि शक्य तर दोन्ही बाजूंचे पाटे एकदम बदला.

तिसरी, जास्त ओझे नेता यावे म्हणून जादा पाटा घालू नका. पाच माणसे धरली तर तीनशे-साडेतीनशे किलो होतात. पन्नास किलोच्या दहा गोण्या म्हणजे पाचशे किलो. त्याही डिकीत, ॲक्सलच्या मागे भरल्या तर तराफ्याच्या एका टोकाला उभे राहिल्यासारखे होते. पुढचा भाग उचलला जातो आणि मागच्या पाट्यांवर गोण्यांच्या वजनापेक्षाही जास्त भार येतो. जादा पाट्याने गाडी खाली बसत नाही एवढेच. ब्रेक तेच राहतात, टायर तेच, ॲक्सल तोच आणि पत्र्याचा आधारही तोच. पूर्वी पाटा वाकून सांगत होता की ओझे जास्त झाले. आता तो सांगायचाही बंद होतो.

आणि एक जिवाची गोष्ट. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. विटा आणि दगडही लावू नका, ते अचानक फुटतात. लाकडाचे भरभक्कम ठोकळे किंवा लोखंडी घोडी लावा आणि पुढच्या चाकांना अटकाव घाला. पाट्यांचा जुडगा खोलताना सेंटर बोल्ट एकदम काढू नका. दाबून बसवलेले पाटे उसळून तोंडावर येतात. आधी शिकंज्यात घट्ट धरा, मग बोल्ट काढा आणि शिकंजा हळूहळू सोडा. मुलांना त्या वेळी जवळ फिरकू देऊ नका.

मागे बसणाऱ्यांचे ऐका

आता शेवटचे, आणि हे घरातल्या सगळ्यांसाठी. गाडी चालवणाऱ्याला पुढच्या इंजिनाचा आवाज ऐकू येतो. पाट्यांचा आवाज आधी ऐकू येतो तो मागच्या सीटवर. आणि मागे कोण बसते? बायामाणसे, लेकरे, म्हातारी माणसे. तेव्हा भगिनींनो, कान उघडे ठेवा. गाडी निघताना किंवा मागे घेताना खालून एकदाच 'टक्' असा आवाज आला, तर यू-बोल्ट किंवा बुश सैल झाला असावा. जुन्या दाराच्या बिजागरीसारखे कुरकुरले, तर पाटे कोरडे पडले आहेत किंवा बुश झिजले आहेत. मोठ्या खड्ड्यात 'धाड्' असे आदळले, तर ओझे जास्त आहे किंवा रबरी ठोकळा गेला आहे.

असा आवाज ऐकला की लगेच सांगा. आणि गाडी चालवणाऱ्या दादांनो, "तुला काय कळतंय मोटारीतलं?" असे म्हणून तो उडवून लावू नका. दशरथाच्या रथातही खीळ निखळलेली दिसली ती शेजारी बसलेलीलाच. गाडी बाजूला घ्या, उतरा, वाकून पाहा. नट सैल दिसला तर आवळा, सेंटर बोल्ट तुटलेला दिसला किंवा ॲक्सल सरकलेला वाटला तर गाडी तेथेच ठेवा आणि मिस्त्रीला बोलवा. लग्नाला एक तास उशीर झाला तर मांडव काही उठून जात नाही.

या आठवड्यात सवड काढून सुतळीची परीक्षा मात्र करूनच पाहा. गाडी पुढच्या पंचमीला काढायची असेल तर आजच बघितलेले बरे. पुढच्या लेखात याच पाट्यांच्या जोडीदाराकडे, म्हणजे शॉकअपकडे वळू.